मेगुती जिनालय : स्वतःचे वय सांगणारे मंदिर

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, मलप्रभा नदीच्या परिसरात वसलेले ऐहोळे हे गाव प्राचीन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. बदामीच्या चालुक्यांच्या काळापासून पुढील काही शतकांत येथे शंभराहून अधिक मंदिरे उभी राहिली. पर्यटकांची गर्दी होते ती प्रामुख्याने अर्धवर्तुळाकार पाठ असलेल्या दुर्ग मंदिरापाशी आणि लाडखान मंदिरापाशी. गावालगतच्या टेकडीवरील मेगुती जिनालयाकडे मात्र तुलनेने कमी पावले वळतात. शिखर नसलेले, भिंतींवर फारसे शिल्पकाम नसलेले आणि अनेक ठिकाणी अपूर्ण राहिलेले हे जैन मंदिर प्रथमदर्शनी साधेच वाटते. असे असले तरी भारताच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासात या मंदिराला असलेले स्थान फारच थोड्या वास्तूंना लाभले आहे.

याचे कारण मंदिराच्या पूर्वेकडील बाह्य भिंतीवर कोरलेल्या एकोणीस ओळींत आहे. मंदिर कोणी बांधले, कोणाच्या राज्यात बांधले आणि कोणत्या वर्षी बांधले, हे या लेखात स्पष्टपणे नमूद केलेले आहे. ते वर्ष म्हणजे शके ५५६, अर्थात इ.स. ६३४-३५. ऐहोळे परिसरातील बांधीव मंदिरांपैकी उभारणीचे निश्चित वर्ष सांगणारे हे सर्वांत जुने मंदिर होय. कालिदासाचा काळ, चालुक्य आणि हर्षवर्धन यांचा संघर्ष, महाराष्ट्र या नावाची प्राचीनता, इतकेच नव्हे तर महाभारत युद्धाची तिथी अशा अनेक विषयांवरील चर्चेत या लेखाचा हवाला दिला जातो. त्यामुळे हा लेख नेमके काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करत नाही, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

टेकडीवरचे देऊळ

‘मेगुती’ हे नाव कन्नडमधील ‘मेल-गुडी’ या शब्दांवरून आले असल्याचे मानले जाते. ‘मेल’ म्हणजे वर आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. वरचे देऊळ या अर्थाचे हे नाव मंदिराच्या स्थानाशी पूर्णपणे जुळते. ही टेकडी म्हणजे अनेक काळांचा एकत्रित ठेवा आहे. माथ्यावर जुन्या तटबंदीचे अवशेष आहेत. मंदिराच्या मागील बाजूस पसरट शिळा उभ्या करून त्यांवर दुसरी शिळा ठेवलेली महापाषाणयुगीन दफनस्थाने आढळतात. चढणीच्या वाटेवर दुमजली बौद्ध वास्तू असून तिच्या छतावर बुद्धाची प्रतिमा कोरलेली आहे. याच टेकडीच्या पोटात एक जैन लेणे आहे व त्यात पार्श्वनाथ आणि बाहुबली यांची उठावातील शिल्पे आहेत.

प्राचीन काळी ऐहोळे ‘आर्यपुर’ किंवा ‘अय्यावोळे’ या नावाने ओळखले जाई. ‘अय्यावोळेचे पाचशे स्वामी’ ही दक्षिण भारतातील विख्यात व्यापारी श्रेणी याच गावाच्या नावाने ओळखली गेली. पुढील शतकांत तिचा व्यापार समुद्रापलीकडे आग्नेय आशियापर्यंत पोहोचला होता. राजधानी बदामी, म्हणजे तेव्हाची वातापी, येथून जवळ असलेल्या या गावात शैव, वैष्णव, बौद्ध आणि जैन अशा सर्वच परंपरांना आश्रय मिळाला. मेगुतीची उभारणी या वातावरणात झाली.

मंदिराची रचना

मंदिर उत्तराभिमुख असून त्याचे प्रवेशद्वार खाली वसलेल्या गावाच्या दिशेने आहे. उंच जोत्यावर, म्हणजे अधिष्ठानावर, संपूर्ण वास्तू उभी आहे. प्रारंभी खुला मुखमंडप, त्यामागे स्तंभयुक्त मंडप, नंतर अरुंद अंतराळ आणि शेवटी गर्भगृह असा क्रम आढळतो. या भागांतील जमिनीची पातळी सर्वत्र सारखी नाही. गर्भगृहाभोवती प्रदक्षिणापथ आहे. एका चौरसात दुसरा चौरस बसवावा तशी ही मांडणी असून दोन भिंतींमधील जागा भाविकांच्या प्रदक्षिणेसाठी राखलेली होती. पुढे मागील बाजूचा मार्ग बंद करून तेथे खोलीसारखी जागा करण्यात आली. आतून वर जाण्यासाठी जिना आहे आणि खालच्या गर्भगृहाच्या बरोबर वर दुसरे गर्भगृह आहे. एकावर एक अशी दोन देवस्थाने असणे, हे या मंदिराचे एक वैशिष्ट्य होय.

गर्भगृहात बैठ्या जिनाची मूर्ती आहे. तिचे कोरीव काम काहीसे ओबडधोबड आहे. याउलट या मंदिरातील अंबिकेची मूर्ती चालुक्य शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना मानली जाते. अंबिका ही बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची यक्षी असून सिंह हे तिचे वाहन आहे. ही मूर्ती सध्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ऐहोळे येथील संग्रहालयात ठेवण्यात आली आहे. त्यामुळे मेगुतीचे शिल्पवैभव पाहण्यासाठी टेकडीवरून उतरल्यावर संग्रहालयातही जावे लागते.

बांधकामाच्या तंत्राच्या दृष्टीने मेगुती हे महत्त्वाचे पाऊल मानले जाते. मोठमोठ्या शिळा रचून भिंती उभारण्याऐवजी येथे तुलनेने लहान आकाराचे घडीव वालुकाश्म वापरले आहेत आणि त्यांचे सांधे काटेकोर जुळवले आहेत. बाह्य भिंतींवर ठरावीक अंतराने भित्तिस्तंभ असून त्यांच्यामधील जागेत मूर्तींसाठी कोनाडे योजलेले आहेत. जोत्याचे थर आणि भिंतींची विभागणी यांत द्रविड शैलीची सुरुवातीची घडण स्पष्ट दिसते. याच शैलीचे प्रगल्भ रूप पुढे सुमारे शंभर वर्षांनी जवळच्या पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिरात पाहावयास मिळते.

तथापि, हे मंदिर पूर्णत्वास गेले नाही. काही ठिकाणी नक्षीसाठी पुढे ठेवलेले दगड तसेच न कोरता राहिले आहेत आणि कोनाडे रिकामे आहेत. प्राचीन काळी पाषाणमंदिरात दगड आधी बसवून नंतर त्यांवर कोरीव काम करण्याची पद्धत होती, हे या अपूर्ण खुणांवरून सहज समजते. पूर्ण झालेल्या मंदिरात कारागिराच्या कामाचे टप्पे लपून जातात. मेगुतीत मात्र ते आजही उघड्यावर आहेत.

रविकीर्तीची प्रशस्ती

भिंतीवरील लेख संस्कृत भाषेत, त्या काळच्या जुन्या कन्नड लिपीत कोरलेला असून त्यात ३७ श्लोक आहेत. जैन कवी रविकीर्ती हा त्याचा रचनाकार आणि तोच मंदिराचा निर्माता. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी, ज्याचा उल्लेख लेखात ‘सत्याश्रय’ या बिरुदाने येतो, हा त्याचा आश्रयदाता होता. आरंभी जिनेंद्राला वंदन केल्यानंतर कवी चालुक्य वंशाच्या वर्णनाकडे वळतो. जयसिंह, रणराग, पहिला पुलकेशी, कीर्तिवर्मा, मंगलेश आणि दुसरा पुलकेशी असा क्रम येतो. लेखाच्या अखेरीस मंदिराच्या उत्पन्नाशी संबंधित गावांची नावेही दिली आहेत.

पहिल्या पुलकेशीने केलेल्या अश्वमेध यज्ञाचा उल्लेख या जैन कवीने गौरवपूर्वक केला आहे, ही बाब लक्षणीय आहे. चालुक्य राजे स्वतःला विष्णूच्या वराह अवताराचे कृपांकित म्हणवीत. त्यांच्या राजधानीतील तिसरे लेणे विष्णूला अर्पण केलेले असून ते इ.स. ५७८ मधील आहे. त्याच डोंगरात चौथे लेणे जैनांचे आहे. राजाचा धर्म आणि कवीचा धर्म वेगळे असूनही राजाश्रय व काव्य यांच्या देवाणघेवाणीत अडथळा आला नाही, याची साक्ष मेगुतीची भिंत देते.

दोन कालगणना, एकच वर्ष

मंदिराच्या उभारणीचा काळ सांगताना रविकीर्तीने दोन स्वतंत्र गणना दिल्या आहेत. भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षे लोटली असताना आणि शक राजांची ५५६ वर्षे लोटली असताना हे जिनालय बांधले गेले, असे तो सांगतो. महाराष्ट्रातील पंचांगात आजही शकगणना वापरली जाते आणि भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचा आधारही तोच शक आहे. शकवर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. त्यानुसार ५५६ अधिक ७८ म्हणजे ६३४. दुसरीकडे, परंपरेने कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ मध्ये मानला जातो. त्या गणनेने ३७३५ वर्षे मोजली असता आपण पुन्हा इ.स. ६३४ पर्यंतच येतो. ‘शालिवाहन’ हे नाव शकाला बऱ्याच नंतर जोडले गेले. रविकीर्तीच्या काळी तो केवळ शक राजांचा संवत्सर होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या लेखाच्या आधारे भारतीय युद्ध इ.स.पू. ३१०२ च्या सुमारास झाल्याचे सिद्ध होते, असे काही वेळा सांगितले जाते. प्रत्यक्षात लेख इतकेच दाखवतो की, सातव्या शतकातील विद्वानांमध्ये ही गणना रूढ होती. घटनेनंतर हजारो वर्षांनी कोरलेला दगड त्या घटनेचा साक्षीदार ठरत नाही. तो साक्षीदार आहे आपल्या काळातील समजुतीचा. मात्र तेवढ्यानेही त्याचे मोल कमी होत नाही. कलियुगाची गणना शिलालेखात वापरल्याची जी अत्यंत जुनी उदाहरणे उपलब्ध आहेत, त्यांत मेगुतीचा समावेश होतो.

कालिदास आणि भारवी

लेखाच्या अखेरच्या श्लोकात रविकीर्ती स्वतःची काव्यकीर्ती कालिदास व भारवी यांच्या तोडीची असल्याचे सांगतो. हा आत्मगौरव संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासकारांना वरदान ठरला. कालिदासाने आपल्या कृतींत स्वतःच्या काळाविषयी काहीही स्पष्ट सांगितलेले नाही. मेगुतीच्या श्लोकामुळे इतके निश्चित झाले की, इ.स. ६३४ पूर्वीच कालिदास आणि ‘किरातार्जुनीय’ महाकाव्याचा कर्ता भारवी हे दोघेही दक्षिणेत तुलनेचे मापदंड ठरण्याइतके विख्यात होते. कीर्ती पसरण्यास लागणारा काळ ध्यानात घेता ते याहून बरेच आधी होऊन गेले असले पाहिजेत. किती आधी, याचे उत्तर मात्र हा लेख देत नाही. त्यासाठी अन्य पुराव्यांकडे वळावे लागते.

रविकीर्तीचा दावा पोकळ नव्हता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे संस्कृतचे अध्यापन केलेले जर्मन पंडित फ्रान्ट्स कीलहॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या लेखाचे चिकित्सक संपादन केले. त्याआधी मुंबई इलाख्यातील प्रशासकीय अधिकारी आणि पुराभिलेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले होते. रविकीर्तीच्या अनेक कल्पनांवर ‘रघुवंश’ आणि ‘किरातार्जुनीय’ या काव्यांची छाया असल्याचे कीलहॉर्न यांनी दाखवून दिले. रघूच्या दिग्विजयाचे वर्णन कवीसमोर आदर्श म्हणून होते, हे लक्षात घेतल्यास पुलकेशीच्या स्वाऱ्यांचे वर्णन वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. काव्यातील क्रम हा प्रत्यक्ष घडलेल्या घटनांचा कालक्रम असेलच असे नाही.

नव्व्याण्णव हजार गावे

पुलकेशीच्या पराक्रमाचे वर्णन हा प्रशस्तीचा मुख्य भाग आहे. काका मंगलेश हा राज्य स्वतःच्या मुलाकडे नेऊ पाहत होता आणि त्या संघर्षात त्याला राज्य आणि प्राण दोन्ही गमवावे लागले, हे कवी लपवत नाही. त्यानंतर भीमरथीच्या, म्हणजे आजच्या भीमा नदीच्या, उत्तरेकडून आलेल्या आप्पायिक आणि गोविंद यांच्याशी झालेला सामना, वनवासीचा वेढा, गंग आणि आळुप यांचे मांडलिकत्व, कोकणातील मौर्यांचा पराभव आणि पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून गौरवलेल्या पुरी नगरीवर शेकडो नौकांनिशी झालेला हल्ला यांचे वर्णन येते. ही पुरी म्हणजे घारापुरी की राजापुरी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लाट, मालव, गुर्जर, कोसल, कलिंग, पिष्टपुर अशी ही यादी पुढे कांचीच्या पल्लवांपर्यंत आणि कावेरीपलीकडे जाते.

मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा श्लोक तीन ‘महाराष्ट्रकां’चा आहे. नव्व्याण्णव हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य पुलकेशीने मिळवले, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्र हे प्रदेशनाम कोरीव लेखात येण्याच्या जुन्या उदाहरणांपैकी हे एक आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या प्राचीन इतिहासात या लेखाचा आधार घेतला होता. गावांची संख्या ही प्रत्यक्ष मोजणी नसून प्रदेशाचा विस्तार दर्शवणारा पारंपरिक आकडा असल्याचे सामान्यतः मानले जाते. महाराष्ट्रके तीन होती याचा अर्थ, एकाच नावाखाली अनेक भूभाग तेव्हा ओळखले जात होते. आजच्या राज्याच्या सीमा त्या नावावर चढवणे मात्र योग्य होणार नाही.

स्तुती किती, इतिहास किती?

उत्तरेचा सम्राट हर्षवर्धन याच्यावरील विजय सांगताना रविकीर्तीने नावावर श्लेष साधला आहे. भीतीमुळे हर्षाचा हर्ष गळून गेला, असा त्याचा आशय आहे. राजकवीच्या या विधानावर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सुदैवाने त्याला बाहेरचा दुजोरा मिळतो. चिनी यात्रेकरू युआन श्वांग याने महाराष्ट्राच्या राजाला हर्ष जिंकू शकला नाही, असे नमूद केले आहे. त्याला पुलकेशीची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते.

हे युद्ध कधी झाले, याविषयी मात्र मेगुतीचा लेख मौन बाळगतो. ते इ.स. ६३४ पूर्वी झाले, एवढेच त्यावरून कळते. दीर्घकाळ अनेक इतिहासकार ते इ.स. ६३० च्या आसपास झाल्याचे मानत होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील अभ्यासकांनी वाचलेल्या इ.स. ६१९ च्या एका ताम्रपटात या विजयाचा उल्लेख आढळल्याने ही तारीख किमान दहा-अकरा वर्षे मागे गेली. शिलालेखाने वरची मर्यादा दिली आणि ताम्रपटाने ती आणखी मागे नेली. पुराव्यांची सांगड अशी घातली जाते.

प्रशस्तीत जे नाही, तेही तितकेच बोलके आहे. पल्लव राजा कांचीच्या तटामागे दडला, असे कवी अभिमानाने लिहितो. मात्र हा लेख कोरल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, इ.स. ६४२ च्या सुमारास, पल्लव राजा पहिला नरसिंहवर्मा याने वातापीवर चाल करून ती जिंकली. बहुतेक इतिहासकारांच्या मते याच संघर्षात पुलकेशीचा अंत झाला. बदामीच्या खडकावर नरसिंहवर्म्याचा विजयलेख कोरला गेला. ऐहोळेची भिंत आणि बदामीचा खडक ही दोन्ही विधाने एकत्र वाचली, तरच सातव्या शतकातील दख्खनचे चित्र पूर्ण होते.

अन्य मंदिरांची मोजपट्टी

मेगुतीचा आणखी एक उपयोग आहे. ऐहोळेतील बहुतेक मंदिरांवर बांधणीचे वर्ष कोरलेले नाही. त्यामुळे पूर्वीच्या अभ्यासकांनी केवळ साधेपणाच्या आधारे लाडखान मंदिर पाचव्या शतकातील असल्याचे मानले होते. जे साधे ते जुने आणि जे सुबक ते नंतरचे, असा तो तर्क होता. निश्चित वर्ष ठाऊक असलेल्या मेगुतीशी जोत्याचे थर, स्तंभांची घडण आणि दगड जोडण्याची पद्धत यांची तुलना होऊ लागली, तसा हा तर्क डळमळीत झाला. आज अनेक अभ्यासक लाडखान मंदिर सातव्या-आठव्या शतकातील, तर दुर्ग मंदिर सातव्या शतकाच्या अखेरीचे किंवा आठव्या शतकाच्या प्रारंभीचे मानतात. लाकडी बांधणीची आठवण करून देणारी साधी रचना आणि शास्त्रशुद्ध द्रविड रचना या दोन्ही एकाच गावात शेजारी शेजारी नांदू शकतात, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणूनच मंदिराचे वय ठरवताना तारखेचा पुरावा निर्णायक ठरतो.

जतनाचा प्रश्न

मेगुती जिनालय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. पट्टदकलचा समावेश १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. ऐहोळे, बदामी आणि पट्टदकल यांचा एकत्रित प्रस्ताव २०१५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नोंदवण्यात आला. लेखाचे ठसे आणि वाचन प्रसिद्ध झालेले असल्याने त्याचा मजकूर आता अभ्यासकांना सुलभ आहे. मूळ अक्षरे मात्र मंदिराच्या बाहेरील भिंतीवर, ऊन आणि पावसाला सामोरी आहेत. वालुकाश्म कोरण्यास सोपा असतो, त्याचप्रमाणे तो झिजतोही. ठशावरून मजकूर वाचता येतो. अक्षरांची खोली, नंतर जोडलेल्या ओळी आणि दगडाशी असलेले त्यांचे नाते तपासण्यासाठी मात्र मूळ भिंतच लागते.

बदामीहून पट्टदकलमार्गे ऐहोळे येथे रस्त्याने जाता येते आणि ही तिन्ही स्थळे एकाच प्रवासात पाहता येतात. गावातील मंदिरे पाहून झाल्यावर टेकडी चढून मेगुतीच्या पूर्व भिंतीपाशी थांबले असता, सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एका कवीने कोरवून घेतलेल्या एकोणीस ओळी दिसतात. राजाची स्तुती हा त्यांचा हेतू होता. पुढील पिढ्यांना त्यांचा खरा उपयोग झाला तो त्यात नोंदवलेल्या एका वर्षामुळे.